घरासाठी किती द्यावे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळली आहे की, तिच्यात सांगितलेला अनुभव नेमका कोणता याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. या दोन कार्यांत माणसाच्या पैशाचीच नव्हे, तर त्याच्या शहाणपणाची, धीराची आणि आप्तांशी असलेल्या संबंधांचीही परीक्षा होते, असा तिचा आशय आहे. यांपैकी लग्नावर किती खर्च करावा याची चर्चा आपल्याकडील सुधारकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ केली. हुंडा, मानपान, जेवणावळी यांवर लेख झाले, व्याख्याने झाली, कायदेही झाले. घरावर किती खर्च करावा हा प्रश्न मात्र नीतीचा आहे, असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. तो केवळ हिशेबाचा प्रश्न मानला गेला, आणि त्याचे उत्तर देण्याचे काम कर्ज देणाऱ्या बँकेकडे व घरे बांधून विकणाऱ्या व्यावसायिकाकडे गेले. हे दोघेही आपापल्या धंद्यात प्रामाणिक असतील. परंतु कुटुंबाने किती द्यावे याचा निर्णय, ते अधिक दिल्याने ज्यांचा लाभ होतो त्यांच्यावर सोपविणे हे शहाणपणाचे लक्षण खास नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार नीतीच्या बाजूने करण्याचे आम्ही योजिले आहे.

महाभारतातील यक्षप्रश्न बहुतेक वाचकांस परिचित असतील. सुखी कोण, असे यक्षाने विचारले असता युधिष्ठिराने जे उत्तर दिले त्याचा भावार्थ असा की, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून परगावी राहावे लागत नाही, आणि जो आपल्या स्वतःच्या घरी साधी भाजी का होईना शिजवून खातो, तो सुखी. या उत्तरात तीन अटी आहेत, आणि वडिलोपार्जित घरात राहून वडिलोपार्जित व्यवसाय करणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत त्या तिन्ही एकमेकींशी गुण्यागोविंदाने नांदू शकत होत्या. आज त्यांच्यात कलह लागला आहे. लातूर, बीड, जळगाव अथवा बुलढाणा येथून भोसरीस किंवा चाकणास नोकरीकरिता आलेल्या तरुणाने परगावी न राहण्याची अट आधीच मोडलेली असते. हे परकेपण संपवावे म्हणून तो स्वतःचे घर घेऊ म्हणतो. आणि स्वतःचे घर घेताच वीस वर्षांचे ऋण त्याच्या डोक्यावर येऊन बसते. एक अट पुरी करण्यासाठी दुसरी मोडणे त्याला भाग पडते. तेव्हा घरासाठी किती द्यावे या प्रश्नाचे खरे रूप असे आहे की, या तीन सुखांपैकी कोणत्या सुखासाठी दुसऱ्या कोणत्या सुखाचा किती भाग सोडावा?

या विचारासाठी पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. याचे कारण असे की, कुटुंबाला घर मिळण्याच्या चार निरनिराळ्या रीती या एकाच भूमीवर, एका मनुष्याच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात, एकीमागून एक येऊन गेल्या आहेत. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या कारखान्याबरोबर नोकरांची वसाहतही उभी राहिली. अशा वसाहतीत घरावर किती खर्च करावा हा प्रश्न नोकराने विचारण्याचा नसतोच; घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने या बाजूस आले, आणि माणसांचा ओघ इतका वाढला की, वसाहती बांधून तो सामावणे कोणत्याही मालकास शक्य राहिले नाही. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली.

दुसरी रीत सरकारने काढली. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. शेतकऱ्यांची जमीन संपादन करावी, रस्ते, गटारे, बागा, शाळा यांची आखणी आधी करावी, आणि मग कामगार व मध्यम स्थितीतील कुटुंबे यांना माफक दराने भूखंड द्यावेत, असा त्यामागील हेतू होता. निगडी-आकुर्डीकडील ज्या पेठांना लोक नुसते 'प्राधिकरण' म्हणतात त्या अशा रीतीने वसल्या. भूखंड नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. परंतु गरजूंच्या मानाने भूखंड थोडे आणि मिळण्यास लागणारा काळ फार, म्हणून तिसरी रीत लोकांनी आपली आपण काढली. भोसरी, दिघी, थेरगाव, रहाटणी, काळेवाडी अशा ठिकाणी शेतजमिनीतील एक गुंठा, अर्धा गुंठा तुकडा घ्यावा आणि परवानगीच्या वाटेस न जाता त्यावर दोन खोल्या उभ्या कराव्यात, ही ती रीत. १९९७ साली वाकड, रावेत, पुनावळे, मोशी, चिखली इत्यादी गावे महानगरपालिकेत आली, हिंजवडीस संगणक-व्यवसायाची उद्याने उभी राहिली, चाकणास मोटारींचे परदेशी कारखाने आले, आणि चौथी रीत सुरू झाली. व्यावसायिकाने मोठमोठ्या इमारती बांधावयाच्या, बँकेने कर्ज द्यावयाचे, आणि कुटुंबाने ते वीस-पंचवीस वर्षे फेडावयाचे, ही ती आजची रीत होय.

या चार रीती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. फुकटचे घर यांपैकी कोणत्याही रीतीत नव्हते. किंमत कोणी द्यावयाची आणि कशाच्या रूपाने द्यावयाची, एवढाच फरक होता. वसाहतीतील नोकराने ती पराधीनतेच्या रूपाने दिली, कारण नोकरी संपताच त्याला भांडीकुंडी उचलावी लागत. प्राधिकरणातील भूखंडधारकास ते स्वस्त पडले, परंतु त्याच्या वतीने पुष्कळशी किंमत आकुर्डी-निगडीच्या शेतकऱ्याने दिली. १९७२ ते १९८३ या काळात ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के परतावा मिळण्याचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळत राहिला; आणि २०२१ साली ते प्राधिकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले तेव्हाही तो सुटलेला नव्हता. गुंठ्यावर घर बांधणाऱ्याने किंमत दिली ती भीतीच्या रूपाने. अनधिकृत बांधकामावरील शास्तीकराचा बोजा अनेक कुटुंबांवर वर्षानुवर्षे होता, आणि तो माफ करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. चौथ्या रीतीतील मनुष्य किंमत देतो ती आपल्या पुढील आयुष्याच्या रूपाने. म्हणून घराची किंमत म्हणजे करारनाम्यावर लिहिलेला आकडा, अशी जी समजूत आहे ती अपुरी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

तथापि आकड्याचाही विचार केला पाहिजे. कारण नीतीच्या गोष्टी करून आकडे टाळणारा मनुष्य लोकांस उपदेश करण्यास अपात्र ठरतो. असे कल्पू या की, एका कुटुंबाने रावेत किंवा मोशीस सत्तर लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका ठरविली. सात टक्के मुद्रांक शुल्काचे चार लाख नव्वद हजार, नोंदणीचे तीस हजार आणि पाच टक्के वस्तू व सेवा कराचे साडेतीन लाख मिळून आठ लाख सत्तर हजार रुपये एकही वीट आपली होण्यापूर्वी खर्ची पडतात. मालकी स्त्रीच्या नावे असेल तर शुल्कात थोडी सवलत मिळते, हे खरे. मग पन्नास लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीने काढले, तर दरमहा सुमारे त्रेचाळीस हजार चारशे रुपयांचा हप्ता बसतो. या हप्त्यास दोनशे चाळीस महिन्यांनी गुणावे. बेरीज एक कोटी चार लाखांवर जाते. म्हणजे पन्नास लाखांची वस्तू घेण्याकरिता आणखी चौपन्न लाख द्यावयाचे. हे अयोग्यच आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या घरात भाजीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी घासाघीस होते, त्या घरात ही बेरीज एकदाही कागदावर मांडली जाऊ नये, हे आश्चर्य आहे.

बँकेपाशी या बाबतीत एक ठरलेले प्रमाण असते: मिळकतीच्या अमुक हिश्श्यापर्यंत हप्ता जाऊ द्यावा. व्यवहारी लोक एक तृतीयांश हे प्रमाण सुरक्षित मानतात. परंतु प्रमाण सारखे असले म्हणजे भार सारखा होतो, ही चूक आहे. ज्याची मिळकत पंचेचाळीस हजार आहे त्याने पंधरा हजार दिले, तर उरलेल्या तीस हजारांत त्याला धान्य, शाळा, औषध आणि गावाकडील आईवडील एवढे सर्व भागवावयाचे असते. ज्याची मिळकत तीन लाख आहे त्याने एक लाख दिले तरी त्याच्यापाशी दोन लाख राहतात. श्वाबे नावाच्या जर्मन सांख्यिकाने १८६८ साली बर्लिन शहरातील कुटुंबांच्या भाड्याचा अभ्यास केला. त्याला असे आढळले की, मिळकत जितकी कमी तितका तिचा मोठा हिस्सा घरभाड्यात जातो. दीडशे वर्षांनंतर आपल्या शहरांतही याहून निराळी स्थिती नाही. तेव्हा हे त्रैराशिक उलट्या बाजूने मांडले पाहिजे, असे आम्हास वाटते. घरास किती देता येईल हे आधी ठरवून उरलेल्यात संसार करावयाचा, हा क्रम सोडून द्यावा. संसार ज्या कर्तव्यांसाठी आहे, म्हणजे वृद्धांची शुश्रूषा, मुलांचे शिक्षण, आजारपणाची तरतूद, अडल्या नातेवाइकास हात देणे, दारी आलेल्यास जेवू घालणे, त्यांचा वाटा आधी बाजूला ठेवावा. आणि त्यानंतर जे उरेल त्यात मावेल असे घर शोधावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण ऐकत आलो आहोत. पण अंथरूणच उसने आणलेले असेल तर पाय किती लांबवावेत याचा विचार अधिकच काळजीने केला पाहिजे.

आता या विषयातील जो आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्याकडे वळू. ऋण ही नुसती पैशाची बाब नसून स्वातंत्र्याची बाब आहे. ज्याच्या मिळकतीचा मोठा भाग पुढील वीस वर्षांसाठी आधीच गहाण पडला आहे, त्याच्या तोंडातील एक शब्द नाहीसा होतो. तो शब्द म्हणजे 'नाही'. सदोष सुटा भाग निर्दोष म्हणून पुढे पाठवा असे वरिष्ठाने सांगितले, तर कारखान्यातील तपासनीसास 'नाही' म्हणता आले पाहिजे. कचेरीत अपमान सोसावा लागणाऱ्या स्त्रीस राजीनामा देता आला पाहिजे. मुलीने अभियांत्रिकी सोडून इतिहास शिकावयाचे ठरविले, तर बापाला तिच्या पाठीशी उभे राहता आले पाहिजे. हप्त्याची तारीख डोळ्यांपुढे असलेला मनुष्य या प्रत्येक प्रसंगी क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात त्याचे धैर्य खचते. तो वाईट मनुष्य असतो म्हणून नव्हे. त्याने आपले धैर्य पूर्वीच तारण ठेवलेले असते म्हणून.

यात आणखी एक विसंगती आहे. कर्ज वीस वर्षांचे असते, पण ज्या नोकरीच्या बळावर ते घेतले जाते तिचे आयुष्य किती हे कोणी सांगू शकत नाही. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबले. बारा वर्षांचे ते आयुष्य. हजाराहून अधिक कामगारांपुढे तेव्हा पुढे काय हा प्रश्न उभा राहिला. जगातील बलाढ्य कंपन्यांना एका ठिकाणी वीस वर्षे राहू असे वचन देता येत नाही, आणि त्यांच्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराने मात्र वीस वर्षे हप्ता भरीन असे वचन द्यावयाचे, यातील विषमता विचार करण्याजोगी आहे. म्हणून नोकरी गेल्यास निदान एक वर्ष हप्ता आणि संसार चालेल एवढी शिल्लक ज्याच्यापाशी नाही, त्याने मोठे घर घेऊ नये. घेतलेच तर आपण घराबरोबर एक भीतीही विकत घेत आहोत हे जाणून घ्यावे. देहूच्या तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. त्यांनी येणे सोडले ते चित्ताच्या मोकळेपणासाठी. आपणांस तेवढे वैराग्य साधणार नाही. परंतु देणे वाढविताना त्याच मोकळेपणाची आठवण ठेवणे तरी अशक्य नाही.

यावर सूज्ञ वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतील, 'घरासाठी म्हणून आम्ही हे ओझे उचलीत नाही, शेजारासाठी उचलतो. चांगल्या वस्तीत राहिल्याने मुलांना चांगली शाळा मिळते, चांगली संगत मिळते; त्यासाठी आईबापांनी झीज सोसावी हे कर्तव्यच नव्हे काय?' या आक्षेपास आधारही आहे. अमेरिकेत १९९४ साली पाच मोठ्या शहरांत एक प्रयोग सुरू झाला. अतिशय दरिद्री वस्त्यांतील कुटुंबांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडण्यात आले आणि बऱ्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली. चेट्टी, हेंड्रेन व कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याचे फळ प्रसिद्ध केले. वयाची तेरा वर्षे पुरी होण्यापूर्वी जी मुले अशा रीतीने हलली, त्यांची विशी उलटल्यानंतरची कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे एकतीस टक्क्यांनी अधिक भरली. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांस मात्र असा लाभ झाला नाही. शेजाराचा मुलांवर परिणाम होतो, हे यावरून निःसंशय दिसते.

परंतु या प्रयोगातून जेवढे सिद्ध होते तेवढेच घ्यावे. तेथील कुटुंबे अपराध आणि दैन्य यांनी ग्रासलेल्या वस्तीतून साध्या, सामान्य वस्तीत गेली. आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबाचा प्रश्न तसा नसतो. यमुनानगरातील अथवा संभाजीनगरातील जुन्या दोन खोल्या सोडून रावेतच्या बाविसाव्या मजल्यावर जावे की नाही, असा तो असतो. सामान्य वस्तीतून श्रीमंत वस्तीत गेल्याने मुलांचे कल्याण होते, हे या प्रयोगाने दाखविलेले नाही. उलट असा विचार करून पाहावा की, चांगल्या वस्तीसाठी हप्ता वाढला, हप्त्यासाठी आईबाप दोघांनीही जादा काम पत्करले, आणि घर कामापासून दूर पडले. तळेगाव-चाकण रस्त्यावर किंवा वाकड-हिंजवडीच्या वाटेवर रोज दोन तास गेले, तर अडीचशे कामाच्या दिवसांत पाचशे तास होतात, म्हणजे वर्षातील सुमारे एकवीस अहोरात्र. मुलांना चांगली संगत मिळावी म्हणून आईबापांनी स्वतःचीच संगत मुलांपासून काढून घेतली, तर हा सौदा लाभाचा झाला असे कोण म्हणेल?

शिवाय शेजार ही वस्तू पैशाने मिळते, ही समजूतच मुळात सदोष आहे. पैशाने फाटक मिळते, पहारेकरी मिळतो, पोहण्याचा तलाव मिळतो; फार तर ज्यांची मिळकत आपल्याएवढी आहे अशी माणसे आजूबाजूस मिळतात. यांपैकी कशालाही शेजार म्हणता येत नाही. रात्री ताप आला असता ज्याचे दार ठोठावताना संकोच वाटत नाही तो शेजारी. आणि तो संकोच जाण्यास वर्षे लागतात, वेळ द्यावा लागतो. यमुनानगर, शाहूनगर यांसारख्या कामगारांच्या वस्त्यांत घरे लहान आणि पगार बेताचे होते. परंतु गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालय, संस्थेची सभा, पहिल्या पाळीस गेलेल्याच्या मुलाला शाळेतून आणणे, अशा शेकडो क्षुल्लक कामांतूनच अशा वस्त्या राहण्याजोग्या होतात. त्या कामांची किंमत कोणत्याही भावपत्रकात नसते, कारण ती रहिवाशांनी संध्याकाळच्या वेळाने भरलेली असते. जो मनुष्य सर्व वेळ विकून महाग वस्तीत घर घेतो, त्याच्यापाशी शेजार घडविण्यास लागणारे द्रव्य, म्हणजे रिकामा वेळ, शिल्लकच राहत नाही.

ज्या सुखसोयींवर वस्तीचे बरेवाईटपण खरोखर अवलंबून असते त्या तर एकट्याने विकत घेताच येत नाहीत. पिंपरी-चिंचवडास पाणी मुख्यतः पवनेतून मिळते. २०१९ च्या अखेरीस महानगरपालिकेने शहरास दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला आणि तो क्रम पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. कोटीच्या सदनिकेस आणि काळेवाडीच्या खोलीस हा नियम सारखाच लागू होता. फरक एवढाच की, एकीकडे टँकर मागविण्याची ऐपत होती. टँकर हा पाण्याच्या प्रश्नावरील तोडगा खरा, पण तो प्रश्न सोडविण्याची इच्छा मारून टाकणारा तोडगा आहे. ज्याने पाणी, वीज, बाग, रखवाली ही सर्व फाटकाच्या आत विकत घेतली, त्याला फाटकाबाहेरच्या शहराबद्दल आस्था राहण्याचे कारण उरत नाही. आणि त्याच्या घरी भांडी घासण्यास येणारी बाई मात्र त्याच बाहेरच्या शहरात राहत असते. चांगला शेजार म्हणजे अशी माणसे दृष्टीआड होणे, असा अर्थ आपण नकळत करू लागलो आहोत; मुले तो आपल्याकडून न शिकविताच शिकतात, हे आईबापांनी ध्यानात घ्यावे.

आमचे म्हणणे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की, जितके स्वस्त तितके नीतीचे. तसे मुळीच नाही. घरावर फार खर्च करणे हा जसा दोष आहे, तसाच स्वस्ताईच्या मोहाने डोळे मिटून घेणे हाही दोषच आहे. याचे अत्यंत दुःखद उदाहरण याच शहरात घडले. चिखली येथे इंद्रायणीच्या काठी, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत, बंगले बांधले गेले होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ साली ते पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि २०२५ च्या मे महिन्यात महानगरपालिकेने छत्तीस बंगले जमीनदोस्त केले. एखाद्या कुटुंबाने जन्माची पुंजी घातलेले घर एका सकाळी ढिगारा होऊन पडावे, हे पाहून कोणाचेही हृदय हेलावेल. तेथे भूखंड विकणाऱ्यांचा व बांधकाम होत असता स्वस्थ राहणाऱ्या यंत्रणेचा दोष घेणाऱ्यांपेक्षा मोठा होता, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. परंतु त्या घटनेतून घेण्याजोगा धडा असा की, जी जमीन इतरांहून फार स्वस्त मिळते तिची उरलेली किंमत कोठेतरी बाकी असते. कधी ती नदी मागते, कधी न्यायालय मागते, कधी ज्याच्या हिश्श्याची सही घेतलीच नाही असा भाऊबंद मागतो. म्हणून सातबारा, बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, विकास आराखड्यातील आरक्षणे, पूररेषा आणि २०१७ पासून सुरू झालेल्या महारेरावरील नोंद, यांची चौकशी एखाद्या जाणत्या वकिलाकडून करून घेण्यास जो खर्च होतो तो घरावरील सर्व खर्चांत पहिला आणि अत्यंत नीतियुक्त खर्च होय.

आणखी दोन आक्षेप थोडक्यात पाहू. पहिला असा की, घराचे भाव वाढतच जातात, तेव्हा आज मोठे घर घेणे ही बचतच आहे. परंतु ज्या घरात आपण राहतो त्याचा भाव वाढला म्हणून आपल्या हाती काही येत नाही. ते विकून दुसरे घ्यावे म्हटले तर त्याचाही भाव तितकाच वाढलेला असतो. त्या वाढीचा लाभ एकापेक्षा अधिक घरे असणाऱ्यास होतो, आणि तोटा ज्याला पहिलेच घर घ्यावयाचे आहे त्या पुढच्या पिढीतील तरुणास, म्हणजे आपल्याच मुलास. दुसरा आक्षेप लोक उघड बोलून दाखवीत नाहीत, पण मनात तोच प्रबळ असतो. स्वतःची सदनिका नसेल तर मुलाला मुलगी सांगून येत नाही. वधुपक्ष विचारतो, 'पुण्यात किंवा पिंपरीत स्वतःचे घर आहे का?' भाड्याच्या घरात राहणारा, कर्ज नसलेला, निर्व्यसनी तरुण नापसंत होतो. आणि आकंठ कर्जात बुडालेला पसंत होतो. मुलीच्या आईबापांना तिच्या डोक्यावर छप्पर हवे, ही इच्छा रास्तच आहे. परंतु ते छप्पर अजून बँकेचे आहे आणि त्याचे अर्धे हप्ते आपल्याच मुलीच्या पगारातून जावयाचे आहेत, हे त्यांनी पाहू नये काय? हुंड्याची चाल निंद्य म्हणून आपण टाकू पाहिली. तिच्या जागी ही नवी अट येऊन बसली आहे, आणि म्हणीतील घर व लग्न ही दोन संकटे तिने एकत्र बांधली आहेत.

घर भाड्याने घेऊन राहण्यात काही कमीपणा आहे, ही समजूतही या निमित्ताने तपासून पाहिली पाहिजे. ज्याची नोकरी स्थिर झालेली नाही, कोणत्या बाजूस कायम राहावयाचे हे ज्याचे ठरलेले नाही, त्याने काही वर्षे भाड्याने राहणे हे दूरदृष्टीचे लक्षण आहे. मात्र हेही कबूल केले पाहिजे की, अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी वाढणारे भाडे आणि मालकाच्या मर्जीनुसार बदलणाऱ्या शाळा यांत मुलांचे बालपण सुखाने जात नाही. म्हणूनच स्वतःच्या घराची ओढ आम्ही हास्यास्पद मानीत नाही. युधिष्ठिराच्या उत्तरात ती ओढ आहेच. फक्त तेथे तिच्याबरोबर साध्या भाजीचाही उल्लेख आहे, आणि नेमका तोच आपण विसरतो.

तेव्हा किती द्यावे? आकडा प्रत्येक कुटुंबाने आपापला काढावयाचा. कसोटी मात्र सर्वांस एकच लावता येईल. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उमटविण्यापूर्वी पतिपत्नींनी, आणि घरी वडीलधारे असतील तर त्यांनीही, एकत्र बसून यक्षाच्या उत्तरातील तीन अटी तीन प्रश्नांच्या रूपाने स्वतःस विचाराव्यात. हे ऋण घेतल्यावर अन्यायास 'नाही' म्हणण्याची ताकद आमच्यात राहील काय? या घरात राहून आम्ही येथलेच होऊ, की घर येथे आणि आयुष्य रस्त्यावर व कचेरीत, असे नव्या प्रकारचे प्रवासी होऊ? आणि या घराच्या स्वयंपाकघरात सायंकाळी सर्वांनी मिळून जेवण्यास वेळ आणि पाहुण्यास वाढण्यास मन शिल्लक राहील काय? तिन्हींचे उत्तर मनापासून होकारार्थी येत असेल, तर आकडा मोठा असला तरी भिण्याचे कारण नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी येत असेल, तर एक खोली कमी असलेले, स्थानकापासून थोडे आतले, कमी नावाजलेल्या पेठेतील घर पाहावे. आणि जो पैसा व जो वेळ वाचेल तो त्या पेठेस नावाजण्याजोगी करण्यात घालावा.